उंदराला कसं विचारणार, झोप लागली का रे?

गेल्या दिवाळीत आमच्या मावशीने तीन दिवस झोपेची गोळी घेतली नाही. घेतली नाही म्हणजे मिळाली नाही. डहाणूकर कॉलनीत राहते ती, गेली नऊ-दहा वर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम पॉइंट टू फाइव्ह, जुनी चिठ्ठी दाखवली की नेहमीचा मेडिकलवाला स्ट्रिप काढून द्यायचा, यावेळी त्याने हात वर केले, नवीन चिठ्ठी आणा म्हणाला, आणि डॉक्टर गावाला गेलेले. मावशी म्हणाली जाऊ दे, एवढीशी तर गोळी आहे. पहिली रात्र टक्क जागी. दुसऱ्या दिवशी चकल्या पाडायला बसली तर सोऱ्या हातात धरवेना इतकी थरथर, मिक्सर लावला की दचकायची, ब्लाउज घामाने भिजलेला. तिसऱ्या दिवशी छातीत धडधडतंय म्हणाली तर काकांचं ठरलेलं उत्तर, "मनाचे खेळ आहेत, गोळी नाही म्हणून घाबरलीयेस तू."

मी फोनवर होते, मी जवळजवळ ओरडलेच की काका, उंदराला मनाचे खेळ येत नाहीत, त्यालाही हेच होतं. तर मागून मावशीचा आवाज, त्या अवस्थेतही, "उंदरांना कसलं गं व्यसन लागतंय?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी पुण्यातच एम.फार्म केलं, फार्माकॉलॉजी. दोन वर्षांतला बराचसा वेळ अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे लाकडी भुसा, उंदरांच्या मुताचा तो नाकात बसणारा वास, आणि एसी बंद पडला की धावपळ. मराठीत आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो पण तिथे दोन वेगळे प्राणी असतात, माइस म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमचे पांढरे छोटे, तळहातावर मावणारे, आणि रॅट्स म्हणजे दोन-अडीचशे ग्रॅमचे. झोपेचं, भीतीचं किंवा फिट्सचं कुठलंही नवीन औषध तपासायचं असलं की तुलनेला डायझेपाम, म्हणजे मावशीच्या गोळीचंच भावंड, असतंच असतं, त्यामुळे ही गोळी दिल्यावर प्राणी कसा दिसतो हे आम्हाला पाठ. गोळी काढून घेतल्यावर कसा दिसतो हे मात्र फार कमी लोक बघतात.

आधी एक शब्दांचा घोळ. आपण "सवय लागली" म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे व्यसन, ती वस्तू हवीशी वाटणं, तिच्यामागे धावणं, नुकसान होतंय हे दिसूनही न थांबणं. दुसरी म्हणजे शरीराने त्या औषधाशी जुळवून घेणं, इतकं की ते काढलं तर शरीरच बिघडतं. दुसरी गोष्ट पहिलीशिवाय अगदी आरामात होऊ शकते. रॅटच्या खाण्यात डायझेपाम मिसळा नाहीतर कातडीखाली औषधाची छोटी नळी बसवा, त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही की आपण काही घेतोय, त्याने गोळी मागितलेली नाही, गोळीची वेळ झाली म्हणून त्याचं लक्ष घड्याळाकडे नाही. तीन आठवड्यांनी ते बंद केलं की तरी तो थरथरतो, केस उभे राहतात, खाणं कमी होतं, वजन उतरतं. यात इच्छाशक्ती कुठे आली? माणसांमध्येही हे अगदी असंच झालेलं आहे. तेलंगणात ताडीमध्ये क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम असली गुंगीची औषधं मिसळून विकायचे, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये ताडीची दुकानं बंद झाली तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या मनोरुग्णालयात माणसांची रांग लागली, कुणाला भास होतायत, कुणाला फिट्स येतायत. त्यातल्या कित्येकांना आपण रोज झोपेची गोळी पितोय हे माहीतच नव्हतं.

आता आत काय होतं ते. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, त्याचं काम पेशींना गप्प बसवणं. गाबा येऊन त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या खुर्चीवर, बसला की एक बारीक दार उघडतं, क्लोराइड आत जातं, पेशी शांत होते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेन्झो मंडळी त्याच रिसेप्टरच्या बाजूच्या एका जागेवर बसतात आणि गाबाचं काम सोपं करतात, दार जास्त वेळा उघडतं. बार्बिट्युरेट्स नावाची जुनी झोपेची औषधं दार जास्त वेळ उघडं धरायची, आणि डोस वाढला तर गाबा नसतानाही उघडायची, म्हणून त्या गोळ्या जास्त झाल्या की माणूस श्वास थांबून जायचा. दारूही याच रिसेप्टरवर काम करते, बाकी बऱ्याच ठिकाणी करते पण इथेही करते.

सदाशिव पेठेतले आजोबा डोळ्यापुढे आणा. गणपतीचे दहा दिवस, खिडकीखाली ढोल-ताशा, आजोबांनी कानात कापूस घातला. छान शांत वाटलं. पण आता बातम्या ऐकू येईनात म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, दुसऱ्या दिवशी अजून थोडा, आणि दहाव्या दिवशी टीव्ही फुल्ल आहे आणि कापूस घालूनही आजोबांना तो नॉर्मलच वाटतोय. याला म्हणायचं टॉलरन्स. आता नातवाने येऊन एका झटक्यात दोन्ही कानांतला कापूस ओढून काढला. काय होईल? टीव्ही तोच, पण आजोबा खुर्चीतून उडणार. विथड्रॉवल म्हणजे तो उडालेला क्षण, आणि तो काही तास नाही तर दिवसच्या दिवस चालतो कारण मेंदूचा रिमोट फार हळू चालतो. कापूस म्हणजे गोळी. टीव्ही वाढवणं म्हणजे मेंदूने दोन्हीकडून केलेली भरपाई, एकीकडे गाबाचे रिसेप्टर कमी दाद द्यायला लागतात आणि दुसरीकडे पेशींना चेतवणारं ग्लुटामेट जोर धरतं. १९९३ मध्ये माइसवर झालेल्या एका कामात हे सुंदर दिसलं होतं. डायझेपाम बंद केल्यावर पहिले तीन दिवस वरून काहीच दिसत नाही, चौथ्या दिवसापासून लक्षणं. पण त्या शांत तीन दिवसांत ग्लुटामेटचा एक विशिष्ट रिसेप्टर बंद ठेवणारं औषध दिलं तर पुढची लक्षणं आलीच नाहीत. म्हणजे बाहेरून शांतता होती तेव्हा आत तयारी चालू होती.

हे सगळं प्राण्यांवर का करायचं, माणसांवर का नाही, तर माणसांवर करून झालेलं आहे आणि ते वाचवत नाही. १९५० च्या आसपास अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला हॅरिस इझ्बेल यांनी पाच कैद्यांना, संमती घेऊन म्हणे, काही महिने बार्बिट्युरेट्सचे मोठे डोस दिले आणि एकदम थांबवले. बहुतेकांना फिट्स आल्या, भास झाले. तोपर्यंत बार्बिट्युरेट्स बाजारात येऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती आणि ती बंद केल्यावर असं काही होतं का यावर डॉक्टर लोक अजून वाद घालत होते! कैद्याची संमती ती किती खरी, हा प्रश्न आज कुठलीही एथिक्स कमिटी पहिल्याच मिनिटाला विचारेल.

बेन्झोंची गोष्ट त्याहून मजेशीर, मजेशीर म्हणजे डोक्याला हात लावण्यासारखी. रॉश कंपनीत लिओ स्टर्नबाख नावाचे केमिस्ट होते, त्यांच्या टेबलावर एक पदार्थ दोनेक वर्षं तसाच पडून होता, १९५७ मध्ये साफसफाई करताना कुणीतरी म्हणालं टाकण्याआधी टेस्टिंगला तरी पाठवू. टेस्टिंगमध्ये काय, तर माइस तिरक्या जाळीवर ठेवायचे, औषधाने स्नायू सैल पडले की घसरतात. घसरले. मांजरंही मऊ पडली. १९६० मध्ये तो पदार्थ लिब्रियम या नावाने बाजारात, पहिलं बेन्झो, आणि १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे आपलं डायझेपाम. आणि १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर यांनी दाखवलं की लिब्रियमचे मोठे डोस महिनोन्‌महिने देऊन गुपचूप बंद केले तर अकरापैकी दहा पेशंटना त्रास होतो आणि दोघांना फिट्स येतात, त्याही सातव्या-आठव्या दिवशी. एक वर्ष! औषध आल्यावर एका वर्षात कळलं होतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, या औषधांच्या वेष्टनावर अवलंबित्व आणि विथड्रॉवलची ठळक चौकटीतली वॉर्निंग सगळ्यांना सक्तीची केली ती २०२० मध्ये.

तो सातवा-आठवा दिवस लक्षात ठेवा, कारण तिथेच प्राण्यांच्या प्रयोगांची पहिली डोकेदुखी आहे. औषध शरीरातून किती हळू जातं यावर कापूस ओढला जातोय की आपोआप हळूहळू निघतोय हे ठरतं. अल्प्राझोलाम माणसात साधारण अकरा तासांत अर्धं होतं, म्हणून मावशीला दुसऱ्याच दिवशी थरथर. डायझेपामला वीस ते पन्नास तास, आणि त्यातून तयार होणारा पदार्थ त्याहून जास्त रेंगाळतो, म्हणून त्रास उशिरा आणि जरा सौम्य. आणि रॅटमध्ये? रॅटचं यकृत इतकं जोरात पळतं की डायझेपाम तासाभरात अर्धं. म्हणजे तुम्ही त्याला दिवसातून एकदा इंजेक्शन दिलं तर तो रोज काही तास औषधावर आणि बाकी दिवसभर कोरडा, अवलंबित्व धड तयारच होत नाही, आणि मग पेपर लिहितो कोणीतरी की अमुक औषधाची सवय लागत नाही. म्हणून तर खाण्यात मिसळणं, नळी बसवणं, दिवसातून तीन-तीन डोस ही सगळी कसरत. डोसचे आकडे ऐकून घाबरू नका हेही त्याचमुळे, प्राणी जितका छोटा तितका किलोमागे डोस मोठा, माइसचा डोस माणसाच्या हिशोबात आणायचा तर ढोबळमानाने १२ ने भागायचा, रॅटचा ६ ने.

दुसरी डोकेदुखी म्हणजे वाट बघणं. औषध हळू निघालं तर लक्षणं इतकी पसरट येतात की मोजता येत नाहीत. त्यावर उपाय १९८१ मध्ये सापडला, फ्लुमाझेनिल, बेन्झोच्याच जागेवर बसून त्याला ढकलून देणारं औषध. आजोबांच्या कानातला कापूस ओढणारा नातू तो हाच. पुढच्याच वर्षी लुकास आणि ग्रिफिथ्स यांनी बबून माकडांना फक्त सात दिवस डायझेपाम देऊन मग हे दिलं, आणि विथड्रॉवलची लक्षणं लगेच समोर आली. सात दिवस. डोस भरपूर मोठा होता हे खरं, पण "थोडे दिवस घेतली तर काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

आता मूळ प्रश्न, दिसतं कसं? माणूस सांगतो धडधडतंय, कसंतरी होतंय. उंदीर सांगत नाही. एक जुनी आणि फार साधी युक्ती आहे, स्टॅनफर्डच्या डोरा गोल्डस्टीन यांची, १९७१ ची, दारूच्या विथड्रॉवलसाठी केलेली पण झोपेच्या औषधांनाही चालते. माउसला शेपटीला धरून हळूच उचलायचं. बस. साधा माउस लटकतो, पाय मारतो, वर बघतो. विथड्रॉवलमधल्या माउसचं तोंड आवळतं, अंग ताठ होतं, झटका येतो. नुसतं उचलून काही झालं नाही तर हलकी अर्धी गिरकी द्यायची. किती कमी छेडल्यावर झटका येतो त्यावर मार्क. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या बोटांत ते कळलं, डोळ्यांनी दिसायच्या आधी, शेपटीतून एक बारीक तार छेडल्यासारखी थरथर येते.

आणि इथेच मी माती खाल्ली. कुठल्या पिंजऱ्यात औषधवाले आणि कुठल्यात साधे हे मला माहीत होतं, आणि माझ्या वहीत औषधवाल्यांना भरभरून मार्क. सरांनी काही न बोलता आमच्या अटेंडंट मामांना सांगितलं, सगळ्या पिंजऱ्यांवरची लेबलं काढा आणि तुमच्या मनाने नंबर चिकटवा, यादी तुमच्या खिशात. दुसऱ्यांदा मार्क दिले. फरक होता, पण जवळजवळ अर्धा. उरलेला अर्धा माझ्या डोक्यात होता. काकांवर ओरडताना मला हे आठवत होतं बरं का, मनाचे खेळ असतात, फक्त ते बहुतेक वेळा बघणाऱ्याच्या मनाचे असतात.

झटके दिसतात, वजन मोजता येतं, पण भीतीचं काय? अधिक चिन्हाच्या आकाराचा एक लाकडी फलाट असतो, जमिनीपासून अर्धा मीटर वर, दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. पाच मिनिटं सोडायचं. उंदीर मुळातच उघड्यावर जायला बिचकतो पण नाक खुपसायची हौसही असते, डायझेपाम दिलं की उघड्या फाट्यावर बिनधास्त फिरतो, विथड्रॉवलमध्ये कोपरा सोडत नाही. अडचण एवढीच की अंगात ताकद नसलेला उंदीरही कोपरा सोडत नाही. मग ती भीती की अशक्तपणा?

यावर मला सगळ्यात आवडलेला प्रयोग टेक्सासचा, १९८३ चा, एमेट-ओगल्सबी, हरबन्स लाल आणि त्यांची टीम. पीटीझेड म्हणून एक औषध आहे, मोठ्या डोसला फिट आणतं, छोट्या डोसला माणसांनी वर्णन केलंय की विनाकारण प्रचंड घाबरल्यासारखं होतं. त्यांनी रॅट्सना शिकवलं, पीटीझेडचं छोटं इंजेक्शन मिळालं असेल तर या बाजूची लिव्हर, म्हणजे पिंजऱ्यातली दांडी, दाबा, खाऊ मिळेल, नुसतं सलाइन असेल तर त्या बाजूची. रॅट शिकतात, आठवडे लागतात पण शिकतात, आपल्या आत काय वाटतंय ते ओळखून लिव्हर निवडतात. मग त्यांना डायझेपामवर ठेवलं, बंद केलं, आणि फक्त सलाइन टोचलं. रॅट्स पीटीझेडच्या लिव्हरकडे वळले. अंगात पीटीझेडचा थेंब नाही, आणि रॅट सांगतोय मला तसंच वाटतंय. उंदराला विचारता येत नाही असं आपण म्हणतो, पण आधी त्याला एक शब्द शिकवला तर येतं.

काय कळलं या सगळ्यातून, ते थोडक्यात सांगते. जनुकांचा हात आहे, ओरेगॉनमध्ये जॉन क्रॅब यांनी दारूच्या विथड्रॉवलमध्ये जोरात झटके येणारे आणि जवळजवळ न येणारे असे माइसचे दोन वेगळे वंश पिढ्यानपिढ्या निवडून तयार केले, तर ते डायझेपाम आणि बार्बिट्युरेट्सच्या बाबतीतही तसेच वेगळे निघाले. म्हणजे शेजारच्या जोशीकाकू "मी एका दिवसात सोडली" म्हणतात ते खोटं नसावं. रिसेप्टरचे प्रकार वेगळे काढता आले, १९९९ मध्ये अल्फा-वन प्रकारात एकच बारीक बदल केलेल्या माइसना डायझेपामने गुंगीच येईना, पण भीती कमी होत होती. त्यावरून तीन दशकं जवळ आली तरी गुंगी आणि सवय न लावणारी गोळी शोधणं चालूच आहे. आणि स्वतः लिव्हर दाबून औषध टोचून घेण्याच्या प्रयोगांत प्राणी कोकेनवर तुटून पडतात तसे बेन्झोवर सहसा पडत नाहीत. सुरुवातीला म्हटलं ते हेच, मागे धावणं आणि अडकून पडणं वेगळं.

पण उगाच फुगवून सांगायला नको. प्रयोगातले बहुतेक उंदीर वर्षानुवर्षं तरुण नर असायचे, आणि या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत साठीच्या बायका खूप. उंदराला तीन आठवडे औषध दिलं जातं, मावशीची दहा वर्षं. कानात शिट्टी वाजणं, सगळं खोटं-खोटं वाटणं, महिनोन्‌महिने रेंगाळणारी बेचैनी, याला लिव्हर नाही.

परवानगीचं म्हणाल तर आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखालची केंद्रीय समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेत प्राण्यांची एथिक्स कमिटी, तिच्यात बाहेरून नेमलेला माणूस. आम्हाला त्या बाहेरच्या मॅडमनी विचारलेलं, बारा उंदीर का, आठ का नाही? आम्ही आठवर आलो. पूर्ण फिट येईपर्यंत थांबायचं नाही, पहिल्या ठरावीक झटक्याला मार्क आणि लगेच डायझेपाम, ही अटही त्यांचीच. अट योग्य होती, तेव्हा आम्हाला ती कटकट वाटली होती.

मावशीचं सांगायचं राहिलं. डॉक्टर आल्यावर गोळी परत सुरू झाली आणि मग उतरती पट्टी, दर काही आठवड्यांनी थोडी-थोडी कमी, आजोबांचा कापूस चिमटीचिमटीने आणि प्रत्येक वेळी टीव्ही खाली यायला वेळ द्यायचा. घाई नाही, आणि डॉक्टरांना न विचारता तर नाहीच. चिठ्ठी आता दरवेळी नवी लागते, २०१४ पासून ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा सरकारी यादीत आहेत, मेडिकलवाल्याला रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं, म्हणजे त्या दिवशी तो चुकीचा नव्हता, आधीची वर्षं चुकीचा होता.

मागच्या रविवारी गेले तर ती ओट्यावर सुरीने गोळीचे तुकडे करत होती, चष्मा नाकावर, पाव तुकडा उडून गॅसखाली गेला तो शोधत होतो आम्ही दोघी. शोधता शोधता म्हणाली,

"काय गं, त्या तुझ्या उंदरांचं शेवटी काय झालं?"

"प्रयोग संपला की जास्त डोस देऊन झोपवतात मावशी. कायमचं."

"कसला डोस?"

"थायोपेंटोन. बार्बिट्युरेट. झोपेच्याच औषधाचा."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तुकडा सापडला, तिने फुंकर मारून तो डबीत टाकला.